एकमताने

ऑगस्टमध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या तांड्याच्या कप्तानाने विचारले होते, "उशीर झालाय खरा, तरी हातगाड्या ओढत सियोनला, आपल्या पवित्र भूमीला निघायचं ना?" सगळ्यांचे हात वर गेले. केझायाने मांडीवरच्या तान्ह्या लेकीचा, थर्झाचाही इवलासा हात हसत उचलला. कारकुनाने तोही मोजला. ठराव एकमताने संमत झाला.

ऑक्टोबरच्या बर्फात थर्झाला मूठमाती दिल्यावर कप्तान म्हणाला, "ही देवाची इच्छा. मान्य असेल त्यांनी हात वर करा." हात वर गेले. "कोणाचा विरोध?" हा प्रश्न नेहमी विचारला जाई, त्याला उत्तर देण्याची मात्र रीत नव्हती.

केझायाने दोन्ही हात वर केले.

"भगिनी, माणशी एकच हात मोजतात."

"ठाऊक आहे, कप्तानसाहेब. दुसरा थर्झाचा आहे. तेव्हा मोजलात, आताही मोजा."