बास म्हणा

पगारवाढीच्या बोलणीला युनियनच्या बाजूनं या वेळी कॅन्टीनमध्ये जेवण वाढणारी सुमन खिलारे बसली होती. कामगारांची मागणी किती, हे तिला मुद्दामच कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही नुसतं बसायचं, ताई," युनियनचे सेक्रेटरी दौलत मोहिते दाराशी म्हणाले होते. "मंदीत मी पंधरा टक्के मागितले, पण मनात सहा होते. कंपनीच्या बोलणी करणाऱ्या यंत्रानं माझा चेहरा वाचला आणि सहाच दिले. तेजीत मनात दहा धरले, तर दहावरच गाडी थांबली. तुमच्या मनात आकडाच नाही. ते वाचणार काय?"

समोर कंपनीचे नगरकरसाहेब होते आणि टेबलावर डब्याएवढं ते यंत्र.

"आठ टक्के," यंत्र म्हणालं.

आठ म्हणजे चांगले की वाईट? सुमन गोंधळून बघत राहिली.

"अकरा," यंत्रानं आकडा वाढवला. तिनं नगरकरांकडे पाहिलं. "सतरा." तिनं पदर सारखा केला. "सव्वीस."

नगरकरांना घाम फुटला. यंत्राचा शब्द कंपनीला बांधील होता आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसेपर्यंत ते थांबणार नव्हतं.

"अहो बाई, कारखाना बंद पडेल! बास म्हणा!"

"मी?" सुमनला काहीच उमगेना. "साहेब, मी तर वाढणारी. लोक मला बास म्हणतात. मी कधी कुणाला म्हटलेलंच नाही."

"एक्केचाळीस," यंत्र म्हणालं.