आठ दिवसांची कॉफी

बायको सेलीन वारल्यापासून जेरोम उद्याचं म्हणून काही ठरवायलाच तयार नसे. डोळे तपासायला जाऊ म्हणा, की बाजारातून काय आणू विचारा, त्याचं पालुपद एकच, "उद्या मी हाय का न्हाय, कोणाला ठाऊक?" शेवटी कॅरेनने बापाशी हुज्जत घालणंच सोडलं.

ती मीरा रोडला कॉफीच्या दुकानात कामाला होती. एका दुपारी तिने तिथली कोल्ड ब्रू कॉफी उत्तनला घरी आणली आणि ग्लासभर बर्फावर ओतून बापाच्या हातात दिली. जेरोमने ती दोन घोटांत संपवली आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"कडू न्हाय लागत गं. अजून दे."

"संपली, पप्पा. ही उकळून पाच मिनिटांत होत नाही. जाड दळलेली कॉफी गार पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची. आज भिजवली तर उद्या गाळायची. मग आठ दिवस टिकते."

"कॉफी टिकंल. माझं काय?" जेरोम हसला.

कॅरेन हसली नाही. दुकानातून आणलेली कॉफीची पुडी तिने ओट्यावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने पाण्याच्या बाटलीसाठी फ्रीज उघडला. मधली जाळी काढून तिथे सेलीनची घरी वाईन करायची मोठी बरणी बसवली होती, गळ्यापर्यंत काळ्याभोर पाण्याने भरलेली.

"पप्पा, अख्खी पुडी भिजवलीस? एवढी कोण पिणार?"

"मी. आठही दिवस," जेरोम म्हणाला. "आता दार लाव. उद्या सकाळी गाळायची हाय."