घाव कोणी घालायचा

दुसरा स्क्रू जागचा हलायला तयार नव्हता.

पहिला सकाळीच निघाला होता, साध्या पेचकसाने, एका दमात. हा मात्र रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला होता. या गाडीच्या ब्रेकच्या डिस्कवर असे दोनच छोटे स्क्रू होते. ते निघाल्याशिवाय डिस्क निघणार नव्हती आणि डिस्क बदलल्याशिवाय गाडी जॅकवरून उतरणार नव्हती. धाकटीने त्यावर दोनदा तेल सोडलं, अर्धा तास वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. पेचकस सटकला आणि स्क्रूच्या डोक्यावरची फुली आणखी थोडी झिजली. अजून एकदा सटकला असता तर पकडायला काही उरलं नसतं.

"इम्पॅक्ट आण," मागून उस्ताद म्हणाले.

धाकटीची नजर आपल्या अंगठ्याकडे गेली.

उस्ताद म्हणजे तिचे वडील. सारी गल्ली त्यांना उस्ताद म्हणे, आणि बत्तीस वर्षांच्या तिला अजून धाकटीच म्हणे. इम्पॅक्ट म्हणजे जाडजूड पेचकस. मागून हातोड्याचा घाव बसला की त्याचं टोक स्क्रूत रुततं आणि त्याच झटक्यात जरासं फिरतं. इतर ठिकाणी हे काम एकटा माणूस करतो. या गॅरेजात दोघं लागत. एकाने दोन्ही मुठींनी इम्पॅक्ट स्क्रूवर दाबून धरायचा, म्हणजे टोक हलत नाही, आणि दुसऱ्याने घाव घालायचा. धरणारा शिकाऊ आणि मारणारा उस्ताद, असा इथला रिवाज. धाकटी बारा वर्षं धरत आली होती. इंजिन ती एकटी खोलायची, पण हातोडा काही कधी तिच्या हाती आला नाही. बाबांचा आपल्यावर तेवढा भरवसा नाही, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं आणि ते तिला लागायचंही.

पण आजचं दुखणं वेगळं होतं. मागच्या आठवड्यात घाव चुकला होता. हातोडा इम्पॅक्टच्या कडेवरून घसरून तिच्या अंगठ्यावर आला आणि नख काळंनिळं झालं. "हात हलवलास तू," उस्ताद म्हणाले होते. तिने हो म्हटलं होतं. हात तसूभरही हलला नव्हता. गेले दोन महिने बाबा चहाचा कप ठेवण्याआधी दुसऱ्या हाताने टेबल चाचपतात, हे तिने पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांना अंतर कळेनासं झालं होतं. खरं बोलावं तर चाळीस वर्षांची उस्तादी एका वाक्यात संपणार. न बोलावं तर आजही मार तिच्याच हाताला बसणार.

ती उठली आणि इम्पॅक्टऐवजी ड्रिल घेऊन आली. स्क्रूचं डोकंच उडवून टाकू म्हणाली. गाडीवाल्याला दुपारी गाडी हवी आहे, उगाच वेळ कशाला घालवायचा? नाहीतरी चाक बसलं की डिस्क चाकाच्या बोल्टांनीच धरलेली असते, या स्क्रूला मग काही काम उरत नाही. बोलली ते सगळं खरं होतं. फक्त बोलताना तिने बाबांकडे पाहिलं नाही.

या गॅरेजात स्क्रूला ड्रिल लावणं म्हणजे नाक कापून घेणं. उस्ताद भडकतील, असं तिला वाटलं. ते भडकले नाहीत. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन अंगठा नीट पाहिला. मग ड्रिल बाजूला ठेवलं आणि स्वतः जाऊन इम्पॅक्ट आणि हातोडा घेऊन आले.

"त्या दिवशी हात हलला नव्हता तुझा," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं."

तिला रागही आला आणि रडूही आलं. आठवडाभर ती त्यांना सांभाळून घेत होती, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं.

उस्तादांनी हातोडा तिच्या पायाशी ठेवला आणि गुडघे दाबत तिच्या बुटक्या स्टुलावर बसले. बोटांनी चाचपत त्यांनी इम्पॅक्टचं टोक फुलीत बसवलं. दोन्ही मुठी आवळल्या आणि अंगाचा भार त्यावर टाकला.

तिने हातोडा उचलला. बारा वर्षं ती याच घडीची वाट पाहत होती. रोज संध्याकाळी हाच हातोडा ती पुसून जागेवर ठेवायची, त्याचं वजन तिला पाठ होतं. तो तिने मागे नेला, आणि समोर बाबांच्या मुठी दिसल्या. हाडं वर आलेल्या, नखांत काळं ऑइल साचलेल्या. त्यांच्यामधून इम्पॅक्टचं बूड डोकावत होतं, शर्टाच्या बटणाएवढं. धरताना तिने कायम स्क्रूकडे पाहिलं होतं. मारणाऱ्याला इथून काय दिसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने हातोडा खाली घेतला.

"बाबा, भीती वाटते मला. तुमच्या हाताला लागलं तर?"

उस्तादांनी मुठी सैल केल्या नाहीत.

"बारा वर्षं मला रोज हीच वाटायची," ते म्हणाले. "तुझ्या वाट्याला नको म्हणून हातोडा माझ्याकडे ठेवला. आता घाल."