शांत माणूस आणि बर्फाचा टब

"तीन मिनिटं. आणि कपाळावर एक आठी जरी पडली, तरी नाव बदलीन," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी बाही कोपराच्या वर सरकवली.

समोर टेबलावर बर्फाच्या पाण्याचा टब होता. टबापलीकडे कमिटी. अध्यक्षबाई, पेपरमिंट चघळणारे एक सदस्य, आणि दुसरे एक, जे बसायलाच तयार नव्हते. ते टेप घेऊन भिंती मोजत होते. ही प्रयोगशाळा प्रोफेसरांकडे ठेवायची, की झेरॉक्स मशीनला द्यायची, हे आज ठरायचं होतं. मशीन येऊनही पडलं होतं. बाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिक गुंडाळून उभं होतं, जावईबापूंच्या तोऱ्यात.

"आपल्या मेंदूचा स्वतःचा दवाखाना असतो," प्रोफेसर म्हणाले. "दुखलं, की तो प्रथिनांचे इवलेसे तुकडे सोडतो. एन्डॉर्फिन. जात अफूचीच, पण घरची. पोलीस पकडत नाहीत. ते सुटलं की दुखणं गप्प बसतं. आणि सुटतं कधी? मन शांत असलं की! दोन वर्षांचं माझं काम हेच सांगतं. आणि माझ्याइतका शांत माणूस या इमारतीत नाही."

"ते मात्र खरं," मावशी म्हणाल्या. "परवा पंखा पडला, तरी सर उठले नाहीत."

मावशी प्रयोगशाळेतल्या मदतनीस. खोली गेली तर त्यांना पार्किंगमध्ये शिट्टी वाजवायला पाठवणार होते, आणि प्रोफेसरांना जिन्याखालच्या टेबलावर. मागच्या वर्षी त्या टेबलावर भूगोलाच्या एका सरांना बसवलं होतं. ते अजून कुणाला सापडलेले नाहीत.

प्रोफेसरांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि उजवा हात पाण्यात घातला. मावशींनी घड्याळ दाबलं.

पाच सेकंद बरे गेले. मग मनगटात कुणीतरी स्क्रू पिळायला लागलं. शांत हो, प्रोफेसर मनाला म्हणाले. मन म्हणालं, आधी तू हो. एकोणिसाव्या सेकंदाला "आई गं!" अशी आरोळी ठोकून त्यांनी हात बाहेर काढला आणि काखेत कोंबला.

"बारा बाय चौदा," टेपवाले सदस्य कोपऱ्यातून म्हणाले. "बसतंय मशीन. वर स्टेपलरलाही जागा उरते."

"एकोणीस सेकंद," अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. "प्रोफेसर, आमचा नातू आइस्क्रीमचा कप याहून जास्त वेळ धरतो. सोमवारपर्यंत खोली रिकामी करा."

प्रोफेसर पुरते घाबरले. डोळ्यांसमोर जिन्याखालचं टेबल आलं, त्यावर भूगोलवाल्यांचा चष्मा. ते पुढे झुकले आणि आधाराला जे मिळालं त्यावर हात टेकून गयावया करायला लागले.

"बाई, एक महिना द्या. पंधरा दिवस द्या! अहो, आज माझी झोप झाली नव्हती. नाष्टाही नीट झाला नाही. घरी विचारा हवं तर! दोन वर्षं घातलीत हो मी यात. लोक हसतील. बायको तर आधीच हसते..."

ते बोलत राहिले. घाम कानामागून गळ्यात उतरला. पेपरमिंटवाल्यांनी तिसरी गोळी तोंडात टाकली.

"सर," मावशी म्हणाल्या.

"थांबा हो मावशी! इथे जीव चाललाय माझा."

"चालू द्या. पण सर, सहा मिनिटं झाली."

"कशाची?"

"हाताची."

सगळ्यांनी खाली बघितलं. प्रोफेसरांचा उजवा हात कोपरापर्यंत टबात होता. भोवती बर्फाचे खडे तरंगत होते. हात गाजरासारखा लाल झाला होता. हात पाण्यात गेला की घड्याळ दाबायचं, ही मावशींची दोन वर्षांची सवय. त्यांनी दाबलं होतं.

"दुखत नाहीये?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही," प्रोफेसर म्हणाले. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"प्रयोगाला आलेल्या घाबरटांचं असंच व्हायचं," मावशी म्हणाल्या. "जो थरथर कापायचा, तो पाच-पाच मिनिटं हातच काढायचा नाही. सर म्हणायचे, घड्याळ बिघडलंय, फाडून टाका तो कागद. मी तीन घड्याळं बदलली."

अध्यक्षबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे कुत्रा मागे लागला की पायात काच घुसलेली कळत नाही, तसं? ते एन्डॉर्फिन शांतपणाने नाही, भीतीने सुटलं?"

"असंच दिसतंय," प्रोफेसर म्हणाले.

"आणि तुम्ही दोन वर्षं उलटं सांगत होतात."

"अगदी उलटं!" चुकल्याचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

"मग हे खरं काम आहे! खोली तुमच्याकडेच राहू दे. मशीन जिन्याखाली ठेवा." कोपऱ्यात टेप सट्टकन डबीत शिरली. "आता फक्त संचालकांची सही. ते येतायत वर. त्यांचं एकच म्हणणं असतं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही नाही. त्यांच्यासमोर दोन मिनिटं हात ठेवा, झालं. आणि उगाच काळजी करू नका हो. मी आहे ना. अगदी निर्धास्त राहा."

प्रोफेसर निर्धास्त झाले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले. मावशींनी चहा दिला, तो त्यांनी फुंकर घालत, चवीने घेतला. संचालक आले, खुर्ची ओढून टबासमोर बसले, पेनाचं टोपण काढलं. प्रोफेसर त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसले आणि त्यांनी डावा, कोरडा हात पाण्यात घातला.

चार सेकंद.