मागच्या फाटकाची कडी

फाटकाच्या पत्र्याला आतल्या बाजूने पोचे पडले होते. काही तळहाताएवढे, काही त्याहून लहान. नूतनने टेप लावली. फाटक आठ फूट.

"मोठं करू नका ताई," मागून तोतारामनाना म्हणाले. "काढीच टाका. कडी नको, कुलूप नको, दारच नको."

साक्रीजवळच्या या गावात गेल्या यात्रेत तमाशाच्या तंबूला आग लागली. माणसं मैदानाच्या मागच्या फाटकाकडे पळाली, तर त्याला बाहेरून कडी. अकरा जणं गेली. नानांची बायको झुंबरबाई त्यांतच. यंदाचा सुरक्षेचा आराखडा करायला इंजिनिअर म्हणून नूतन आली होती.

नाना रोज दुपारी यायचे. गर्दी कुठे तुंबते, उतार कुठे आहे, पाळणे कुठे नकोत, सगळं चालून दाखवायचे. फाटकापाशी आले की थांबायचे.

"अजून वाजस हाऊ पत्रा," ते एकदा म्हणाले.

नूतनलाही एकदा तो पत्रा वाजलेला ऐकू आला. त्या दिवशी वारा नव्हता.

कडीचा आळ राखणदार झुलालवर आला होता. मी फाटक उघडंच ठेवलं होतं, असं तो सांगत राहिला. कोणी ऐकलं नाही. जामिनावर सुटल्यावर बायकोमुलांना घेऊन तो सुरतेला निघून गेला.

नूतनने दार उतरवलं, भिंत पाडून वीस फुटांची मोकळी वाट केली. यात्रेत भज्यांच्या गाडीवर भडका उडाला, माणसं ओरडत मागे पळाली आणि सरळ बाहेर पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

ती नानांना शोधत गेली. उतरवलेल्या दारापाशी ते बसले होते, पत्र्यावर हात ठेवून.

"नाना, तुमच्यामुळे आज माणसं वाचली."

"झुलालले गावमा परत बोलावा, ताई. त्याना काही दोष नही."

"तुम्हाला कसं माहीत?"

नानांनी पत्र्यावरचा हात काढून घेतला.

"झुंबरले काही याद राहे ना. हात सोडा की हायवेकडे चालू लागे," ते म्हणाले. "त्या रातले तिले पाणी आणाले मी फाटकातून भायेर निंघनू. ती मांगे येवाले नको, म्हनीसन कडी मीच लायी."