तिहात्याचा स्वेटर

"पण हात तीनच का?" कॉमिकच्या मालकांनी विचारलं. "चार असते तर देव वाटला असता. दोन असते तर माणूस. तीन हे काय काढलंत?"

"उगाच," चित्रकार म्हणाला.

पहिल्या अंकापासून तो हेच उत्तर देत आला होता. त्याचा सुपरहिरो तिहात्या डाव्या काखेतून फुटलेल्या तिसऱ्या हाताने जगाला कधीच वाचवत नसे. दोन हातांनी खलनायकाला बुकलताना तिसऱ्याने तो कान खाजवी, नाहीतर जवळच्या कुंडीला पाणी घाली. मुलं खूश होती. मालकांना मात्र प्रत्येक गोष्टीला कारण लागे. ते शिंकतसुद्धा कारणाशिवाय नसत.

"आणि हे?" त्यांनी नवं कॉमिक टेबलावर आपटलं.

एका पानावर तिहात्या मनोऱ्याला लोंबकळत होता. पुढच्या पानावर स्वेटरची कृती होती: दोन सुलट, दोन उलट, गळा गोल, बाह्या तीन. त्यापुढच्या पानावर खलनायक गाठोडं होऊन पडलेला.

"हे माझं नाही हो! आपल्याच छापखान्यात विणकामाचं मासिक छापतात, त्यांचं पान शिरलंय. त्यातही चूक बघा, बाह्या तीन म्हणे!"

"वाचकांना वाटतंय हाही तुमचाच चक्रमपणा. पुरे झालं. त्या मासिकाच्या संपादक बाईंना मला फोन करून चूक कबूल करायला सांगा. आणि पुढच्या अंकात तो हात छाटा. नाहीतर तिहात्या बंद."

चित्रकाराने छाटला. पेन्सिल दोनदा मोडली, पण छाटला. काखेला पट्टी बांधलेला तिहात्या दवाखान्याच्या खाटेवर शहाण्यासारखा बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो चारचौघांसारखा दिसत होता. चित्र बगलेत मारून चित्रकार विणकामाच्या मासिकाच्या कचेरीत गेला.

तिथे बसायच्या जागांवरही लोकर होती. टेबलामागे ऐसपैस शाल पांघरून बाई विणत होत्या.

"या, बसा. तो निळा गोळा बाजूला करा आधी, उद्या लागायचाय."

त्यांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. फोन वाजला, तो उचलून "उसवा आणि पुन्हा करा" म्हणाल्या आणि ठेवून दिला. सुयांची टिकटिक चालूच. चित्रकाराला आईची आठवण झाली. तीही बोलता बोलता चार कामं उरकायची.

"ते पान चुकून आलं, एवढं आमच्या मालकांना सांगाल का?"

"चुकून कसलं? मीच घालायला लावलं."

"तुम्ही? कशाला?"

"इतकी वर्षं वाचतेय मी. मनोऱ्यावर वारा केवढा, आणि पोरगं आपलं उघडं! तुम्ही कधी विचार केलात त्याच्या स्वेटरचा?"

चित्रकाराला हसू फुटलं. आपल्यालाही गुरू भेटला म्हणायचा. "म्हणजे तीन बाह्या...?"

"माप बरोबर आहे. तिसरीला काखेत टाके वाढवायचे तेवढे. नाहीतर काचते."

"आता नाही काचणार." त्याने चित्र टेबलावर ठेवलं. "मालक म्हणाले, छाटा."

बाईंनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. एक टाका निसटला.

"दुखलं असेल हो त्याला."

"कागद आहे, बाई. मला काय वाईट वाटलं नाही होय? पण खरं सांगू, मालकांचंही चूक नाही. असा माणूस असतो का कुठे?"

दोन्ही हातांनी बाई निसटलेला टाका सुईवर घेत होत्या. तेवढ्यात शालीखालून, डाव्या काखेकडून, आणखी एक हात आला. त्याने ते चित्र चुरगाळलं, टोपलीत फेकलं आणि सवयीने बाईंचा कान खाजवला.