टिटवीची चार अंडी
कन्नडच्या शिवारात वखरणी चालू होती, पण टिटवीच्या चार अंड्यांपुरती जमीन आवडाबाईनं तशीच सोडायला लावली होती. फोटोच्या स्पर्धेसाठी शहरातून आलेली नात श्रेया सकाळपासून तिथंच पालथी पडली होती. टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत होती. “ऊठ आता,” दुखरे गुडघे धरत आवडाबाई म्हणाली, “ती पोट भिजवून अंडी गार ठेवते. तू हलंना, म्हणून चैताच्या उन्हात उकडायलीत अंडी.” “एकच फोटो, आज्जी!” हा चौथा ‘एकच’ होता. वाद घालायचं त्राण आवडाबाईत उरलं नव्हतं. “साप!” ती ओरडली. श्रेया कॅमेरा टाकून बांधावर पळाली. थोड्या वेळानं टिटवी ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसली. “माझा कॅमेरा तिथंच राहिला!” “ऊन उतरल्यावर आण.” “तापून खराब होईल!” “होऊ दे,” आवडाबाई बाभळीखाली टेकली, “त्यात काय पिल्लं नायत.”